पाच महिन्यांच्या थंड हंगामासाठी रायग्रासचा कोणता वाण घ्यावा?

हिरवी_गव्हाण

नमस्कार मंडळी. दुभत्या गायींना कापून घालायला आणि हंगामाच्या शेवटी मेंढ्या चरायला सोडायला रायग्रास पेरायचा आहे. पाण्याची सोय आहे, जमीन मध्यम ते भारी. थंडी साधारण पाच महिने टिकते, मग ऊन ३५ अंशांच्या वर जातं, आणि त्याच रानात पुढे मका घ्यायचा आहे.

माहिती वाचायला घेतली की गोंधळ वाढतो. इटालियन, वेस्टरवोल्ड, पेरेनियल, हायब्रिड. त्यात डिप्लॉइड, टेट्राप्लॉइड. वर लवकर निसवणारा (ओंबी टाकणारा), उशिरा निसवणारा. यातलं आधी काय बघायचं? हेक्टरी बियाणं किती लागेल? आणि पिशवीवर जे लिहिलंय तेच आत आहे हे ओळखायची काही खूण असते का?

बांधावरून

वाणाचं नाव सगळ्यात शेवटी बघा. गवत रानात किती दिवस उभं राहायला हवं आणि त्याला किती ऊन सोसावं लागणार, हे आधी ठरलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

पेरेनियल रायग्रास (लोलियम पेरेन) तुमच्यासाठी नाही. तो सावकाश जम धरतो, म्हणजे पाचातला पहिला दीड महिना नुसता बसण्यात जातो. मुळं उथळ असतात. तापमान २५ अंशांच्या वर गेलं की वाढ मंदावते आणि तिशीच्या पुढे जवळजवळ थांबते. जिथे उन्हाळा सौम्य असतो आणि कुरण चार-पाच वर्षं ठेवायचं असतं, तिथे तो राजा आहे. मक्यासाठी रान मोकळं करायचं असेल तर त्याचा टिकाऊपणा काय कामाचा?

राहिलं लोलियम मल्टिफ्लोरम. त्यात दोन प्रकार आहेत आणि घोळ होतो तो इथेच. खऱ्या इटालियन प्रकाराला निसवण्यासाठी थंडीचा काळ मिळावा लागतो. तो काळ मिळेपर्यंत गवत पानावरच राहतं, आणि योग्य हवामानात दीड-दोन वर्षं टिकतं. वेस्टरवोल्डला थंडीची गरज नसते. तो झटपट वाढतो, पहिली कापणी लवकर देतो, पण दिवस मोठे होऊ लागले की पेरलेल्या हंगामातच ओंब्या टाकून आयुष्य संपवतो. बाजारात 'वार्षिक' म्हणून मिळणारं बियाणं बहुधा वेस्टरवोल्डचं असतं. कधी दोन्ही 'इटालियन' याच नावाने विकले जातात, म्हणून विक्रेत्याला सरळ विचारा: याला निसवायला थंडी लागते की नाही? उत्तर देता आलं नाही तर ते बियाणं घेऊ नका.

तुमच्या पाच महिन्यांसाठी उशिरा निसवणारा वेस्टरवोल्ड किंवा खरा इटालियन, दोन्ही चालतील. पहिला चारा लवकर हवा असेल तर वेस्टरवोल्ड. शेवटच्या दोन कापण्या पानेरी हव्या असतील तर इटालियन. गायी दुधात असतील तर मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, कारण खरं नुकसान शेवटच्या कापण्यांमध्ये होतं. पानावर असताना प्रथिनं शुष्क पदार्थाच्या (पाणी वगळून उरणाऱ्या भागाच्या) १८ ते २५ टक्के असतात, पूर्ण निसवल्यावर ती दहाच्या आसपास येतात. ढीग तेवढाच दिसतो आणि दूध मात्र उतरतं.

ओळखायच्या खुणा: मल्टिफ्लोरमच्या दाण्याला बारीक कुसळ असतं, पेरेनच्या दाण्याला नसतं. मळणी-सफाईत कुसळं मोडतात, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. रोपावरची खूण जास्त भरवशाची. कोवळा फुटवा बुडापाशी धरून ब्लेडने आडवा कापा आणि कापलेलं तोंड उजेडात बघा. आतलं न उघडलेलं पान सुरळीसारखं गोल गुंडाळलेलं असेल तर मल्टिफ्लोरम. मधोमध घडी घातल्यासारखं चपटं असेल तर पेरेन. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणखी एक गोष्ट बघतात: पांढऱ्या गाळण कागदावर अंकुरलेल्या मल्टिफ्लोरमच्या मुळांची रेघ अतिनील प्रकाशात चमकते, पेरेनची सहसा चमकत नाही.

इटालियन आणि वेस्टरवोल्ड मात्र असे दिसण्यावरून ओळखू येत नाहीत. त्यासाठी मूठभर बियाणं थंडी सरल्यावर, दिवस मोठे होत असताना कुंडीत पेरा. दोन-अडीच महिन्यांत ओंब्या आल्या तर वेस्टरवोल्ड, नुसती पानं राहिली तर इटालियन. पुढच्या हंगामाच्या खरेदीआधी ही परीक्षा सहज होते.

फुटवा

वरच्या उत्तराला पूर्ण दुजोरा. पुढचा प्रश्न डिप्लॉइड की टेट्राप्लॉइड. डिप्लॉइडमध्ये गुणसूत्रं १४, टेट्राप्लॉइडमध्ये २८. पेशी मोठ्या होतात, म्हणून पान रुंद, रंग गडद आणि साखर थोडी जास्त. जनावरं चवीने खातात. पण त्या मोठ्या पेशींत पाणीही जास्त असतं, फुटवे कमी येतात आणि गवत विरळ बसतं.

पाण्याचा मुद्दा हलका समजू नका. एका गायीला दिवसाला ६० किलो हिरवा रायग्रास घातला आणि त्यात शुष्क पदार्थ १४ टक्के असला, तर पोटात गेला ८.४ किलो. तोच १८ टक्के असेल तर १०.८ किलो. गव्हाण दोन्ही वेळेला सारखीच भरलेली दिसते. म्हणून दोन वाणांची तुलना करताना हिरव्या वजनाचे आकडे बाजूला ठेवा, हेक्टरी शुष्क पदार्थ किती ते विचारा.

कापून घालण्यासाठी टेट्राप्लॉइड चांगला. मेंढ्यांच्या खुरांखाली, ओल्या भारी जमिनीत डिप्लॉइडची दाट गादी जास्त तग धरते. तुमच्याकडे मेंढ्या शेवटीच येणार आहेत, तर मुख्य क्षेत्रात टेट्राप्लॉइड घ्यायला हरकत नाही. जिथे पाणी साचतं त्या पट्ट्यात डिप्लॉइड टाका.

बियाण्याचा हिशोब किलोने केला की फसगत होते, तो दाण्यांनी करा. डिप्लॉइडच्या हजार दाण्यांचं वजन साधारण २ ग्रॅम, टेट्राप्लॉइडचं ४ ग्रॅमच्या आसपास. हेक्टरी २५ किलो डिप्लॉइड म्हणजे चौरस मीटरला १२५० दाणे. तेच २५ किलो टेट्राप्लॉइडचे झाले तर फक्त ६२५. म्हणून टेट्राप्लॉइडला ३५ ते ४० किलो लागतं. 'टेट्राप्लॉइड विरळच उगवतो' अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा बियाणं डिप्लॉइडच्या मापाने टाकलेलं असतं. उगवण ८० टक्क्यांच्या खाली असेल तर त्या प्रमाणात वाढवा.

खोली एक ते दीड सेंटिमीटर, जास्त नाही. जमीन भुसभुशीत हवी, पण खालून दबलेली. पाऊल ठेवलं की बोट-दीड बोट रुतावं, घोट्यापर्यंत नाही. फेकून पेरलं तर वरून हलका पाटा फिरवा. पहिलं पाणी संथ द्या, नाहीतर हलकं बी वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात जमतं आणि बाकी वाफा मोकळा राहतो. पेरणीची घाईही नको. दिवसाचं तापमान २८ च्या वर आणि हवा दमट असताना पेरलं तर करपा रोपं मारतो. बुरशी पायरिक्युलारिया, म्हणजे भातावर करपा आणते तीच जात.

हिरवी_गव्हाण

फार मोलाची माहिती, मनापासून आभार. आणखी दोन शंका. पहिली कापणी उंची बघून करायची की दिवस मोजून? आणि पानांवर नारिंगी भुकटी येते असं वाचलं, त्यावर फवारणी करावी का? गायींना घालायचं असल्याने औषधाची धास्ती वाटते.

फुटवा

उंची आणि दिवस दोन्ही ढोबळ आहेत, पानं मोजा. रायग्रासच्या एका फुटव्यावर एका वेळी तीनच जिवंत पानं राहतात. चौथं आलं की सगळ्यात जुनं पिवळं पडून मरतं. म्हणजे तिसरं पान पूर्ण उघडल्यावर थांबलात तर जेवढं वाढतं तेवढंच खाली कुजतं. रानात पाच-सहा ठिकाणी एकेक फुटवा हातात घेऊन कापणीनंतर आलेली नवी पानं मोजा. अडीच ते तीन भरली की कापा. उबदार हवेत एक पान सात-आठ दिवसांत येतं, कडाक्याच्या थंडीत पंधरा दिवसही लागतात. त्यामुळे 'दर २५ दिवसांनी' हा नियम थंडीत गवताचा जीव घेतो आणि थंडी सरताना तुमचा चारा वाया घालवतो. पहिली कापणी साधारण पेरणीनंतर ५० ते ६० दिवसांनी येते.

खाली ५ ते ६ सेंटिमीटर बूड ठेवा. पुढच्या फुटीसाठीची साखर त्या बुडाच्या पांढुरक्या भागात साठलेली असते. विळा जमिनीला घासून मारला तर पुढची कापणी आठ-दहा दिवस मागे जाते आणि मधे तण डोकं काढतं.

नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा. फवारणी नको. उबदार दिवस, रात्रीचं दव आणि नत्राला भुकेलेलं, वाढ थांबलेलं गवत या तिघांची गाठ पडली की तो पसरतो. भुकटी दिसताच लगेच कापून घाला आणि कापणीनंतर नत्र द्या, नवी फूट बहुधा स्वच्छ येते. लांबवलं तर जनावरं ते गवत हुंगून बाजूला सारतात. वाण निवडतानाच तांबेऱ्याची नोंद बघावी. अमेरिकेतले दोन जुने वाण याचं चांगलं उदाहरण आहेत: गल्फ तांबेऱ्याला सोसणारा म्हणून पुढे आला, पण कडक थंडीत कच्चा. मार्शल थंडीला चिवट, पण तांबेऱ्याला बळी पडणारा. सगळे गुण एका पिशवीत मिळत नाहीत, म्हणून तुमच्याकडे दव जास्त की थंडी जास्त, ते तुम्हीच ठरवायचं.

दावण_आणि_दूध

जनावरांच्या बाजूने काही गोष्टी जोडतो, कारण वाण उत्तम निवडूनही नुकसान इथे होतं.

नत्र. दर कापणीनंतर हेक्टरी ४० किलो नत्र म्हणजे सुमारे ८७ किलो युरिया, आणि लगेच पाणी. उत्साहात दुप्पट टाकू नका. रायग्रास गरजेपेक्षा जास्त नत्र उचलून नायट्रेटच्या रूपात साठवतो, आणि ढगाळ हवेत किंवा गारठ्यात ते वापरलं जात नाही. शुष्क पदार्थात नायट्रेट १ टक्क्याच्या पुढे गेलं की भुकेल्या जनावराला धोका असतो. धाप लागते, हिरड्या निळसर-तपकिरी होतात, रक्त चॉकलेटच्या रंगाचं दिसतं. अशा वेळी क्षणही न दवडता पशुवैद्यक बोलवा, मिथिलीन ब्ल्यूची सलाईन वेळेत मिळाली तर जनावर वाचतं. युरियानंतर किमान तीन आठवडे कापणी नको. सलग ढगाळ दिवस असतील तर आधी कोरडी वैरण घाला, मग रायग्रास. वाळवल्याने नायट्रेट कमी होत नाही, मुरघासात बरंचसं कमी होतं.

मॅग्नेशियम. कोवळं, भरपूर पालाश दिलेलं गवत आणि नुकती व्यालेली गाय ही जोडी धोक्याची आहे, गायीच्या अंगात मॅग्नेशियम कमी पडतं. अंग थरथरतं, चाल लडखडते, गाय आडवी पडून पाय झाडते. त्या दिवसांत मोठ्या दुभत्या गायीला रोज ५० ते ६० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड आंबोणात मिसळून द्या. चवीला ते वाईट असतं, नुसतं ठेवलं तर गाय तोंड लावत नाही. आणि ताजं शेणखत-शेणपाणी भरपूर सोडलेल्या रानात पालाश वेगळं टाकू नका.

शेण पातळ झालं तर गवताला दोष देण्याआधी तंतू कमी पडतोय का ते बघा. रोज गायीमागे दोन-तीन किलो कडबा किंवा भुसा गेला की रवंथ पुन्हा सुरळीत होतं.

बरसीम (द्विदल चारा) मिसळला तर नत्र कमी लागतं आणि चारा सकस होतो. रायग्रास तेव्हा ८ ते १० किलोवर आणा, नाहीतर तो बरसीमला दाबून टाकतो. बरसीम वरचढ झाला तर दव असताना उपाशी जनावर सोडू नका, पोट फुगतं.

शेवटचं, आणि हे मी हात जोडून सांगतो: लॉनसाठी विकलं जाणारं रायग्रासचं बियाणं स्वस्तात मिळालं तरी चाऱ्याला घेऊ नका. ते बहुधा पेरेनियल असतं आणि कीड लागू नये म्हणून त्यात मुद्दाम एपिक्लोई ही गवताच्या आत राहणारी बुरशी ठेवलेली असते. ती लोलिट्रेम बी नावाचं विष तयार करते. ते पानाच्या बुडात आणि ओंबीत जास्त असतं, आणि मेंढ्या नेमकं बुडापर्यंत चरतात. मान हलते, पाय अडखळतात, हाकललं की कोलमडतात. न्यूझीलंडने यासाठी एआर१ आणि एआर३७ असे बुरशीचे निवडक प्रकार चाऱ्याच्या वाणांत आणले, ज्यांत लोलिट्रेम बी होत नाही. लॉनच्या बियाण्यात ती काळजी कोणी घेतलेली नसते.

बांधावरून

मक्याबद्दल राहिलं होतं. मेंढ्या सोडण्याच्या नादात रायग्रासला दाणा धरू देऊ नका. दाणा सहज गळतो आणि पुढच्या थंडीत गव्हात तण म्हणून उगवतो, तेही तणनाशकाला सरावणारं. १९९६ साली ऑस्ट्रेलियातून ग्लायफोसेटला दाद न देणाऱ्या तणाची पहिली नोंद आली, ते याचंच भावंड होतं, लोलियम रिजिडम. दहातल्या एक-दोन फुटव्यांना ओंबी दिसली की मेंढ्या लगेच आत, आणि उरलेलं कापून घ्या.

मका पेरण्याआधी दोन-तीन आठवडे नांगरून मुळं मोडा. उशिरा मोडलेलं, निसवलेलं गवत कुजताना जमिनीतलं नत्र अडकवतं आणि मका तिसऱ्या-चौथ्या पानावर पिवळा दिसतो. मोडायला उशीर झालाच तर नत्राचा पहिला हप्ता पेरणीबरोबरच द्या, नंतरची वाट बघू नका.

हिरवी_गव्हाण

ठरलं. मुख्य क्षेत्रात टेट्राप्लॉइड इटालियन ३८ किलोने, पाणथळ पट्ट्यात डिप्लॉइड २५ किलोने, आणि एका वाफ्यात बरसीम मिसळून. उगवण तपासायला आज शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले आहेत. दहाव्या दिवशी मोजून आकडा इथे टाकते.