कॅमेलिया: चिन्यांचा 'डोंगरी चहा' बरोबर की जपान्यांची त्सुबाकी?

झाडपाला:
नाव द्यावं तर चिन्यांनी. कॅमेलिया, म्हणजे चहाच्याच नात्यातलं फुलझाड, त्यांच्याकडे शान-छा, डोंगरातला चहा (छा म्हणजे चहा). बियांच्या तेलासाठी लावतात ती यौ-छा, तेलाचा चहा. सगळी भावंडं एका छपराखाली. वनस्पतींची शास्त्रीय नावं ठरवणाऱ्या लिनियसने १७५३ साली चहा आणि कॅमेलियाचे वंश (genus) वेगळे मांडले. चहाला 'कॅमेलिया सायनेन्सिस' म्हणायला १८८७ उजाडलं. जपान्यांनी तर त्सुबाकी (कॅमेलिया) आणि चा (चहा) यांचा संबंधच तोडून टाकलाय.

काटेकोर:
तोडायला आधी जोडलेला तर हवा! त्सुबाकी हा शब्द आठव्या शतकातल्या मान्योशू या जपानी कवितासंग्रहात आहे. जपानात चहा प्यायल्याची नोंद सापडते ती नवव्या शतकात. जे पेय ठाऊकच नाही, त्याचं नाव झाडाला कोण देणार? आणि चिन्यांचं कौतुक पुरे. खू-डिंग-छा घ्या, ती होली (Ilex) नावाच्या झाडाची पानं, चहाशी काडीचा संबंध नाही. उकळून प्यायलं की झाला छा! नावावरून नातं ठरवायचं तर आपला कढीलिंबही कडुलिंबाचा भाऊ ठरेल.

झाडपाला:
खू-डिंग पितात म्हणून छा, हे कबूल. पण शान-छा कोणी रोज उकळून पीत नाही, तरी नावात चहा आहेच ना? म्हणजे पान, फूल, बोंड बघूनच दिलं असणार.

मधलीआळी:
तुम्ही दोघं भांडा, रोप विकत घेणाऱ्याचं काय? चिनी शान-छा-हुआची तीन अक्षरं जपानीत साझान्का होतात आणि झाडच बदलतं, कॅमेलियाचीच पण दुसरी जात. त्सुबाकीचं फूल अख्खं टपकन पडतं, साझान्काची पाकळी पाकळी गळते. चिनी त्या साझान्काला छा-मेइ म्हणतात. वर त्सुबाकीचं 'झाड + वसंत' हे अक्षर चीनमध्ये भलत्याच झाडाचं; त्याचे कोवळे कोंब अंड्यात परतून खातात.

काटेकोर:
म्हणून तर म्हणतो, अक्षरं उसनी घेतली की हेच होणार. तोंडचा शब्द, त्सुबाकी, शाबूत राहिला.

पुअरप्रेमी:
खरी फसवणूक 'जंगली'त आहे. चीनच्या युन्नान प्रांतातल्या पुअर चहाच्या दाबलेल्या चकतीवर 'ये' (जंगली) दिसलं की भाव चढतो. पण ये-शंग म्हणजे रानात आपसूक वाढलेला आणि ये-फांग म्हणजे लावून मग वाऱ्यावर सोडलेला. शिवाय रानातला म्हणून मिळतो तो कधी कधी कॅमेलिया तालिएन्सिस, चहाचा चुलत भाऊ. जपानी यामा-चाचंही (डोंगरी चहाचंही) तेच: शिकोकू-क्युशूच्या डोंगरातली ती झुडपं मूळची की मळ्यातून पळालेली, यावर अभ्यासकच भांडतात.

झाडपाला:
बघा, चुलत भाऊसुद्धा छाच म्हणून विकला जातो. चिन्यांना नातं कळतं!

काटेकोर:
नातं नाही हो, गिऱ्हाईक कळतं.