बॅक्टेरियाचंच एन्झाइम वापरून रेझिस्टंट बॅक्टेरिया मारता येतात का?

शंकासुर
मायक्रोबायॉलॉजी माझा विषय नाही हे आधीच सांगते. वाचनात आलं की काही बॅक्टेरिया दुसऱ्यांना मारायला एन्झाइम सोडतात आणि ते एमआरएसएवर (म्हणजे मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या जातीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतू) वापरायचे प्रयत्न चाललेत. पण बरीचशी अँटिबायोटिक्सपण जंतू-बुरशीकडूनच आलीत ना, मग यात नवीन काय? आणि जो सोडतो तो स्वतः कसा मरत नाही?

पेट्रीडिश
फरक आहे. पेनिसिलिन जंतूच्या पेशीची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात बांधतं, म्हणजे जंतू वाढत असेल तरच त्याचा उपयोग. हे एन्झाइम उभी भिंतच कापतं, जंतू झोपलेला असला तरी. लायसोस्टॅफिन बघ, १९६४ पासून माहीत आहे, स्टॅफिलोकॉकस सिम्युलान्स नावाचा जंतू बनवतो आणि मारतो त्याच्याच भाऊबंदाला, ऑरियसला. ऑरियसच्या भिंतीत पाच-पाच ग्लायसिनचे (हे एक अमिनो आम्ल) बारके पूल असतात, कात्री बरोब्बर तिथेच चालते. सिम्युलान्स स्वतःच्या पुलात मधेमधे सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल घालतो, ते कापलं जात नाही, म्हणून तो वाचतो.
लॅबमध्ये आम्ही हे डीएनए काढायला वापरायचो, कारण ऑरियस लायसोझाइमला (भिंत फोडायचं नेहमीचं एन्झाइम) दाद देत नाही. ताकासारखी गढूळ ट्यूब असते, एन्झाइम टाकून ३७ डिग्रीला ठेवली की थोड्या वेळात नितळ, आणि पिपेटने उचलायला गेलं की पाकासारखी तार सुटते. ती तार म्हणजे फुटलेल्या जंतूंचा डीएनए. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दोन मिनिटं नुसताच बघत बसलो होतो.

कडूकारलं
सगळं छान, पण १९६४ पासून माहीत आहे तर अजून औषध का नाही झालं? प्रोटीन आहे हो ते. गोळी केली तर पोटात पचून जाणार, शिरेतून दिलं तर शरीर अँटिबॉडी बनवणार. ग्राम निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जंतूंना तर बाहेरून आणखी एक आवरण असतं, तिथे कात्री भिंतीपर्यंत पोचतच नाही. एक्सेबाकेस नावाचं असंच एन्झाइम (ते फाजवालं, म्हणजे जंतूंना मारणाऱ्या व्हायरसचं, जंतूचं स्वतःचं नाही) माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं होतं, २०२२ मध्ये चाचणी मधेच थांबवली, फायदा दिसेना. आणि २०१९ या एका वर्षात रेझिस्टंट जंतूंमुळे जगात अंदाजे १२.७ लाख माणसं गेली, म्हणजे निवांत बसायला वेळ आहे असंही नाही.

शंकासुर
अरे देवा. आणि जंतू याला पण सरावत असतील ना?

पेट्रीडिश
सरावतात. ऑरियसमध्ये हा पूल बांधायला लागणारा फेमए जीन बिघडला की पाच ग्लायसिनचा पूल एकाचाच होतो, कात्रीला धरायला जागाच नाही. पण गंमत इथेच आहे, पूल असा आखूड झाला की एमआरएसएची मेथिसिलिनला दाद न देण्याची मस्ती उतरते आणि तो त्याच गटाच्या जुन्या औषधांनी मरायला लागतो. म्हणून दोन्ही जोडीने द्यायची कल्पना आहे. एकातून सुटला की दुसऱ्यात सापडतो.
@कडूकारलं, शिरेतून देण्याबद्दल मान्य. पण वरून लावायला काय हरकत आहे? २००३ मध्ये कॉटन रॅटच्या नाकात लायसोस्टॅफिनचं क्रीम लावलं होतं, एकाच डोसात बहुतेकांच्या नाकातला ऑरियस साफ.

कडूकारलं
उंदरांचं भलं झालं म्हणायचं. माणसाच्या नाकाचं बोला.