लाल रंगाची सरासरी काढताना

कॅमेऱ्याच्या चित्रावरून टोमॅटोची पिकलेला-कच्चा अशी प्रतवारी करायला आरजीबीची, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांची, सरासरी सुचवली जाते. उजेड जरा बदलला की ते आकडे हलतात, म्हणून एचएसव्ही (रंगछटा, तिची तीव्रता आणि उजळपणा वेगवेगळे मोजणारी पद्धत) घ्या हा सल्लाही आलाच. पण त्यात एक मेख आहे. ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ८-बिट चित्रात ह्यू, म्हणजे रंगचक्रावरचा रंगछटेचा आकडा, ० ते १७९ असतो आणि लाल रंग दोन्ही टोकांना विभागला जातो. २ आणि १७८ दोन्ही लालच, सरासरी मात्र ९०, म्हणजे चक्क निळसर हिरवा! (पिकलेलं फळ कच्च्यात जातं ते असं.) त्यापेक्षा लॅब (Lab) या रंग मोजायच्या दुसऱ्या पद्धतीतला ए चॅनेल, म्हणजे ए हा आकडा, बघा, तो हिरव्याकडून लालकडे सरळ चढतो. चकाकीचे पांढरे ठिपके आधी वगळा, किंवा दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) लावा. आतली कूज मात्र साध्या कॅमेऱ्याला दिसणार नाही.