सालम पंजा नुसता स्टार्च नाही

सालम पंजा म्हणजे ताकदीसाठी दुधात शिजवून देतात तो एका ऑर्किडचा वाळवलेला कंद. काही जण म्हणतात की हा म्हणजे महागडा स्टार्चच. तसं नाही. स्टार्च त्यात असतोच, पण दूध दाट होतं ते मुख्यतः ग्लुकोमॅननमुळे. हा पाण्यात फुगणारा, विरघळणारा तंतू (फायबर) आहे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात आईने मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून सालम आणला होता. फिकट पिवळे, हाताच्या बोटांसारखे फुटलेले कंद, खलबत्त्यात कुटता कुटेनात. शेवटी किसणीवर किसले. चिमूटभर पूड गार दुधात कालवून मंद आचेवर ठेवली, तर पाच मिनिटांत चमचा जड झाला. गरम दुधात थेट टाकली की गुठळ्या होतात, हे तेव्हाच कळलं.

हिमालयातल्या या ऑर्किडच्या, म्हणजे डॅक्टिलोरायझा हातागिरियाच्या कंदात डॅक्टिलोरिन आणि लोरोग्लॉसिन ही ग्लुकोसाइडंही (ग्लुकोज जोडलेली संयुगं) सापडली आहेत. 'शक्ती वाढते' म्हणून जे अभ्यास दाखवले जातात, त्यांतले बरेचसे उंदरांना अर्क पाजून केलेले आहेत. त्यावरून माणसाचा डोस ठरवू नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा, कारण असे तंतू साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतात.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. कंद खणला की झाडच जातं. बी धुळीएवढं बारीक असतं आणि योग्य बुरशी भेटल्याशिवाय रुजतच नाही. त्यामुळे ही जात धोक्यात आली आहे. आमच्या घरी आता बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडूच देतात.