कोबुर्गच्या सोयरिकी: शहाणपण की पोरींचा बळी?

सांजवात: काल इथे एकाने लिहिलंय की जर्मनीतल्या साक्स-कोबुर्ग घराण्याने तलवार न उपसता नुसत्या सोयरिकी करून युरोपातली सिंहासनं मिळवली, असे शहाणे राजे पुन्हा होणे नाही. वाचून डोकंच फिरलं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट, त्याचा बाप अर्न्स्ट १८१७ला बोहल्यावर चढला तेव्हा तो ३३चा आणि लुईझ १६ची. बाहेरची प्रकरणं त्याची, आणि १८२४ला घर सुटलं तिचं. ती निघाली तेव्हा दोन्ही पोरांना डांग्या खोकला झालेला, त्यांना वाटलं आपण आजारी असताना जावं लागतंय म्हणून आई रडतेय. अल्बर्ट ५ वर्षांचा. पुन्हा भेट नाही, १८३१ला ती पॅरिसमध्ये कॅन्सरने गेली, वय ३०. आणि १८२६ला घराण्याच्या नावात जे गोथा लागलं ना, ते तिचं माहेर!

बखरवाला: लेख माझाच. गोथा फुकट नाही मिळालं, वाटणीत साल्फेल्ड सोडावं लागलं. आणि प्रकरणाचा आरोप लुईझवरही होता, तेही लिहा की. माझा मुद्दा वेगळा आहे, फ्रेंचांनी तुडवलेलं एवढंसं राज्य, त्यातला अर्न्स्टचा धाकटा भाऊ लिओपोल्ड १८३१ला बेल्जियमचा राजा झाला, त्याची बहीण व्हिक्टोरिया राणीची आई, एक पुतण्या अल्बर्ट त्याच राणीचा नवरा, दुसरा पोर्तुगालच्या राणीचा. सैन्य होतं का यांच्याकडे?

चिंचेखाली: पण नाती बघा ना. अल्बर्टने आत्याची मुलगी केली, आपल्याकडे मामाची चालते, आत्याची नाही. अर्न्स्टने तर १८३२ला सख्ख्या बहिणीची मुलगीच दुसरी बायको म्हणून केली. मग हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, होणारच, रशियाच्या झारचा मुलगा अलेक्सेईपर्यंत गेला तो.

निळी शाई: हे असलं लिहू नका हो. माझ्या भाच्याला हिमोफिलिया आहे. आमच्यात नात्यात लग्न झालेलं नाही, तरी सासरच्यांनी बहिणीला "तुमच्या घराण्यातच खोट" म्हणून वर्षभर ऐकवलं. रात्री गुडघा सुजला की पोरगं पाय सरळ करत नाही, फ्रिजमधून फॅक्टरची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या औषधाची, बाटली काढायची, तळहातात धरून गारवा घालवायचा आणि मग शीर शोधायची. मुलाला हा दोष आईच्या एक्स गुणसूत्रातून येतो, आईबाप नात्यातले असोत वा नसोत. व्हिक्टोरियाकडून तिची मुलगी अ‍ॅलिस, तिच्याकडून तिची मुलगी, तिच्याकडून अलेक्सेई. अल्बर्टचा आणि मामे-आतेचा काय संबंध?

चिंचेखाली: बरं, आजाराचं चुकलं माझं. पण भाचीशी लग्न मला नाही पटणार, कुणीही काही म्हणा.

सोलापुरी: आमच्याकडे मामा-भाचीची लग्नं आहेत, माझ्या आजीचंच होतं, ५० वर्षं संसार केला तिने. न पटायला काय झालं? तुमच्याकडची रीत तेवढी खरी का?

चिंचेखाली: आजीवर कशाला जाता, मी अर्न्स्टबद्दल बोलतोय!

सांजवात: भाची राहू दे बाजूला. बखरवाले, तुमच्या सोयरिकींची सुरुवात कुठून झाली ते सांगा. लिओपोल्डची मोठी बहीण युलियाना, १७९६ला १४ वर्षांची पोर रशियाचा राजपुत्र कोन्स्टान्टिन याला दिली. त्याने छळ छळ छळलं, १८०१ला ती कायमची निघून आली, घटस्फोट मिळाला १८२०ला. तलवार नाही उपसली म्हणता, पण या पोरींनी जे सोसलं ते कुठल्या खात्यात मांडायचं? माझी स्वतःची मावशी "चांगलं स्थळ" म्हणून १६व्या वर्षी दिलेली, मला हे वाचवत नाही.

बखरवाला: युलियानाचं राहिलं, ते लेखात घालतो, लुईझचंही. लिओपोल्डबद्दलचा मात्र एक शब्दही मागे घेणार नाही.