फादर म्हणाले, ‘वेगवेगळे या, दोघांनाही आशीर्वाद देतो’

कॉयरवाला
वसई पट्ट्यातला कॅथलिक, वय ३४. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीत) सोळा वर्षं कीबोर्ड वाजवतोय. जोडीदार नाशिकचा, हिंदू घरातला. सहा वर्षं एकत्र आहोत, घरी माहीत आहे, गावात ‘मित्र’ म्हणून चालतं.

नवीन जागेत राहायला गेलो तेव्हा फादरना म्हटलं, आमच्या दोघांवर एकदा हात ठेवा. लग्न मागत नाही हे आधीच सांगून टाकलं. १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनने ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ हे पत्रक काढलं. समलिंगी जोडप्यालाही धर्मगुरू साधा आशीर्वाद देऊ शकतो, असं त्यात आहे. ठरलेला विधी नाही, लग्नासारखा पोशाख नाही. पुढच्याच महिन्यात खुलासा आला की हे काम दहा-पंधरा सेकंदांचं. म्हणजे सिग्नल सुटायलाही याहून जास्त वेळ लागतो.

फादर माणूस चांगला. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “वेगवेगळे या रे, दोघांनाही देतो. एकत्र नको.” गेल्या महिन्यात त्यांनीच माझ्या नव्या स्कूटरवर पवित्र पाणी शिंपडलं होतं. तेव्हा मागच्या सीटवर तोच बसला होता.

जावं का वेगवेगळं? मला वाटतं, जाऊ नये. तुमचं मत सांगा.

जुनं वळण
फादर बरोबर वागले. स्कूटर पापात राहत नाही हो.

तुम्ही दाखवताय तेच पत्रक पूर्ण वाचा. लग्नाची शिकवण बदललेली नाही आणि आशीर्वाद म्हणजे संबंधाला मान्यता नाही, हे त्यात पुन्हा पुन्हा आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद २३५८ सगळ्यांना तोंडपाठ: समलैंगिकांशी आदर, करुणा, संवेदनशीलता. त्याच्या आधीचा २३५७, समलिंगी संबंध चुकीचे म्हणणारा, आणि नंतरचा २३५९, ब्रह्मचर्याचा, मात्र कोणाला आठवत नाही. तुम्ही वेदीजवळ बसून वाजवता. लोक बघतात.

दिवेलागण
२३५७ आठवतो की. ज्याच्यावर लिहिलाय त्याला तर झोपेतही आठवतो.

पण मुद्दा वेगळा आहे. मार्च २०२१ मध्ये हे पत्रक काढणाऱ्या व्हॅटिकनच्याच खात्याने समलिंगी नात्याला आशीर्वाद देता येणार नाही असं उत्तर दिलं होतं. त्या उत्तरातही एकेकट्या व्यक्तीला आशीर्वाद द्यायला मनाई नव्हती. म्हणजे ‘वेगवेगळे या’ ही २०२१ चीच सोय. २०२३ मध्ये नवीन काय आलं? ‘जोडपं’ हा शब्द. फादरनी नेमका तोच गाळला.

जुनं वळण
गाळला, कारण विवेक वापरायची मुभा त्यांना आहे. ११ जानेवारी २०२४ ला आफ्रिकेतल्या बिशपांनी एकत्र सांगितलं की आमच्याकडे असे आशीर्वाद दिले जाणार नाहीत. रोमने ते ऐकून घेतलं. मग वसईच्या एका फादरने घाबरू नये का? उद्या कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढला तर तुम्ही येणार का त्यांच्या बाजूने बोलायला?

कॉयरवाला
हो, येईन. पण ही भीती खरी आहे, मान्य.

नगरकर
सलाम. मी प्रॉटेस्टंट, माझे वडील पाळक होते. आमच्याकडे पोप नाही, त्यामुळे पत्रकांचा हा खेळ मला कळत नाही. बायबलचं वचन स्पष्ट आहे. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि करिंथकरांस पहिले पत्र ६:९ वाचा. माणसावर प्रेम करा, पण जे वचनात नाही त्यावर हात ठेवू नका.

दिवेलागण
वचनाचंच बोलू. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, २३:१ प्रमाणे, खच्ची केलेल्या पुरुषाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. यशया ५६ मध्ये तोच देव षंढांना म्हणतो, माझ्या घरात तुम्हाला मुलगे-मुलींपेक्षा चांगलं नाव देईन. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये फिलिप्प वाटेवर भेटलेल्या षंढ अधिकाऱ्याला तिथल्या तिथे बाप्तिस्मा देतो. तो कोणता ग्रंथ वाचत होता? यशयाच. तीन अध्याय पुढे गेला असता तर स्वतःबद्दलचं सापडलं असतं.

(‘षंढ’ हा शब्द मराठी बायबलात वाचताना दर वेळी अडखळते. आमच्या शाळेत ती शिवी होती.)

नगरकर
सुंदर मांडलंत, पण त्याने बाप्तिस्मा मागितला, जोडीदार नाही. आणि मत्तय १९:१२ मध्ये प्रभू स्वर्गाच्या राज्यासाठी षंढ झालेल्यांबद्दल बोलतो. म्हणजे उलट संयमच.

दिवेलागण
हो, तिथे माझ्याकडे चोख उत्तर नाही. फक्त एवढंच की त्या वचनाच्या शेवटी ‘ज्याला स्वीकारता येते त्याने स्वीकारावे’ अशा अर्थाचं वाक्य आहे. सक्ती दिसत नाही.

सोडून आलेली
मी लेस्बियन, पुण्यात, चर्च सोडून नऊ वर्षं झाली. मला तुमचं नवल वाटतं. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं, तेव्हा आपल्याला गुन्हेगार ठरवा म्हणून कोर्टात उभे राहिलेल्यांत अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स होती, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल होती. आणि तुम्ही पंधरा सेकंदांसाठी रांगेत?

खुलाशात नमुना प्रार्थना दिली आहे, ती बघा. या दोघांना आरोग्य, काम, शांती दे, एकमेकांना मदत करू दे. आणि लगेच पुढे: सुवार्तेच्या विरोधात जे असेल त्यातून यांना सोडव. एका हाताने देणं, दुसऱ्याने काढून घेणं.

कॉयरवाला
३७७ च्या त्या निकालाच्या वेळीच मुंबईचे कार्डिनल ओस्वल्ड ग्रेशस म्हणाले होते की चर्चने समलैंगिकांना कधी गुन्हेगार मानलं नाही. समलिंगी लग्नाला विरोध कायम ठेवून, पण म्हणाले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. ती बातमी कापून मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) पुस्तकात ठेवली होती, अजून आहे. पिवळी पडलीय.

सोडून जा म्हणणं सोपं आहे. माझी आजी त्याच कबरस्तानात आहे. तिच्या अंत्यविधीला मीच वाजवलं होतं.

वाडीतली मावशी
मी वाचत होते फक्त. माझा मुलगा तसाच आहे, बंगळुरूला असतो. मी ते कुमसारात (फादरपुढे पापं कबूल करताना) सांगितलं तेव्हा फादरनी विचारलं, यात तुझं पाप कुठलं बाई? तेव्हापासून नाही सांगत.

ती प्रार्थना मला वाईट वाटत नाही. सुवार्तेच्या विरोधातलं माझ्या घरात काय कमी आहे? दिराशी बांधावरून अकरा वर्षं बोलणं नाही. माझ्यावरही म्हणा ती. पण बाळा, वेगवेगळा जाऊ नकोस. आमचे हे गेले तेव्हा ‘दोघांचं’ म्हणून काय काय होतं ते मला कळलं.

जुनं वळण
मावशी, तुमच्याशी मी वाद घालणार नाही. पण मत तेच.

कॉयरवाला
वेगवेगळं जाणार नाही, हे ठरलं. फादरना आज मेसेज केला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. रविवारी सातच्या मिस्सेला कीबोर्डवर आहे. तोही येणार आहे म्हणतो, मागच्या बाकावर.

नगरकर
पुढच्या बाकावर बसव.