नागपूरची गोरेवाडा सफारी: मे महिन्यात अस्वल दिसेल का?

संत्रानगरी: पोरं ७ आणि १० वर्षांची. बस कधीची धरावी? काचेतून फोटो चमकतात, त्याचं काय?

माळढोक: सकाळची पहिलीच. ऊन चढलं की अस्वल सावलीत आडवं होतं. वाघ मात्र पाण्यात बसतो, तेव्हा गवत धुंडाळू नका, पाणवठा बघा. मोबाइल काचेला टेकवून धरा, फ्लॅश बंद. पांढरा शर्ट नको, त्याचंच प्रतिबिंब पडतं.

वाळवी_फॅन: पोरांना अस्वलाचे दात सांगा. वरच्या जबड्यातले समोरचे दोन नसतातच! वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि दातांच्या त्या फटीतून वाळवी सुर्रकन ओढायची. आवाज शंभरेक मीटरवर जातो. पिल्लं आईच्या पाठीवर बसून फिरतात; लांब केस धरायला बरे पडतात.

माळढोक: वाघाचे डावे-उजवे पट्टे सारखे नसतात, म्हणून ओळख पटवायला दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. कानामागचा पांढरा ठिपकाही दाखवा.

संत्रानगरी: नीलगाय म्हणजे गायच ना?

वाळवी_फॅन: नाही भाऊ, कुरंग आहे, म्हणजे हरणासारखा प्राणी. निळसर करडा तो नर, मादी भुरकट.